पदराचा क्यू

एप्रिल लागला की माझं नाक बिघडतं. सर्दी नसते, डोकं दुखत नाही, पण जिकडेतिकडे नको ते वास यायला लागतात. परवा आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनासाठी क्लबहाउसमध्ये नवा गालिचा चिकटवायचं काम चाललं होतं. भाजीची पिशवी घेऊन मी आत डोकावले आणि तो गोंदाचा, घशात खवखवणारा वास नाकात गेला. पलीकडे कुणीतरी धुराचं मशीन चालू करून बघत होतं. तो धूर गोडसर असतो, खवट झालेल्या खोबऱ्याच्या वडीसारखा. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुमी पूर्वी असले मोठे मोठे शो करायच्या ना? आमच्या पोरांना जरा टिप्स द्या की." मी म्हटलं, "खिडक्या उघडा. एवढीच टिप आहे." ते हसले. मी गंमत करत नव्हते.

लोकांना एप्रिल म्हटलं की आंबा आठवतो, मोगरा आठवतो, परीक्षा संपल्यानंतरची रिकामी दुपार आठवते. वाशीत आमच्या रस्त्यावर सोनमोहराचा पिवळा सडा पडतो, त्याचेही लोक फोटो काढतात. मला तो पिवळा रंगसुद्धा बघवत नाही. नव्वदच्या दशकात मी कंपन्यांचे कार्यक्रम करून देणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होते, आणि आमचा हंगाम नेमका हाच. मार्चअखेरची धावपळ संपली की कंपन्यांना सोहळ्याची हुक्की यायची. मग पडदा सरकायचा, धूर सुटायचा, थर्माकोलची सोनेरी अक्षरं चमकायची आणि कोट चढवलेली माणसं घामाने निथळत एकमेकांना ट्रॉफ्या द्यायची. सगळीकडे तेच संगीत, तोच धूर, तीच अक्षरं. फक्त कंपनीचं नाव बदलायचं.

माझं काम क्यू द्यायचं. म्हणजे कानाला हेडफोन लावून स्टेजच्या कडेला काळ्या पडद्याआड उभं राहायचं, आणि ठरलेल्या क्षणी लाइटवाल्याला, साउंडवाल्याला, स्लाइडवाल्याला "आता" म्हणायचं. मी "आता" म्हटलं की उजेड व्हायचा, मी "आता" म्हटलं की व्हायोलिन वाजायचं. तेवीस-चोविसाव्या वर्षी एवढी सत्ता हातात आली की माणूस जरा ताठ चालतो. मीही चालत होते. पहिले काही महिने मला तो धूरसुद्धा आवडायचा.

त्या वर्षी महाप्याच्या एका रंगाच्या कारखान्याचं काम आलं. कपड्यांना लावतात ते रंग. नाव सांगत नाही, सांगून आता उपयोगही नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याला रिक्षा लागली की डोळे मिटूनसुद्धा कुठवर आलो ते कळायचं. आधी सडक्या कोबीचा वास, पुढे आंबलेल्या ताकाचा, मग काहीतरी कडू, जिभेवर बसणारं. कारखान्याच्या भिंतीलगतचा नाला एका दिवशी जांभळा वाहायचा, दुसऱ्या दिवशी हिरवा. कार्यक्रम कारखान्यातच, रिकाम्या केलेल्या गोदामात होता. परदेशी पाहुणे येणार होते, त्यांना कारखाना दाखवायचा होता. गोदामाला आतून काळं कापड लावलं, पत्र्यावर दुपारचं ऊन तापायचं, खाली गालिच्याचा गोंद तापायचा, एका कोपऱ्यात पोरं गरम तारेने थर्माकोल कापत बसायची. वर कंपनीचा स्वतःचा वास होताच. तो जाईना म्हणून मोगऱ्याच्या अत्तराचे फवारे आणवले. मोगरा, गोंद, जळका थर्माकोल आणि ते कडू काहीतरी. मी तेव्हापासून केसात गजरा माळलेला नाही.

शोचा दिग्दर्शक सुहास. दादरचा पोरगा, नाटकं करून करून या धंद्यात आलेला. खुर्ची उलटी फिरवून बसायचा, हातात माइक धरून अंधारातून सूचना द्यायचा. बोलायला गोड. कधी कुणावर ओरडायचा नाही, सगळ्यांना "राजा" म्हणायचा. त्याच्यावर मला तेव्हा राग येत नव्हता, याचंच मला आज जास्त नवल वाटतं. त्याचं एकच म्हणणं असायचं, शोमध्ये एक मोमेंट पाहिजे. ट्रॉफ्या लोक विसरतात, मोमेंट विसरत नाहीत.

ती मोमेंट कंपनीच्या पर्सोनेल ऑफिसरांनी आणून दिली. कर्णिक नावाचे गृहस्थ, शर्टाच्या खिशात तीन पेनं, सतत घाम पुसणारे. त्यांनी एके दुपारी एका बाईला गोदामात आणलं. अंगाने बारीक, डोक्यावरून पदर, पायात रबरी चप्पल. चप्पल दारातच काढून ती गालिच्यावर आली. "ह्या शालन जाधव," कर्णिक म्हणाले. "ह्यांचे मिस्टर आपल्याकडे होते. गेल्या वर्षी टाकी साफ करताना गेले. आपण ह्यांना पॅकिंगमध्ये घेतोय. ऑर्डर एमडी साहेब स्टेजवर देणार."

सुहास खुर्चीतून उठला. त्याने बाईला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, नमस्कार केला. आणि मग दोन पावलं मागे होऊन, मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं. दुकानात शोकेसमधली साडी बघतात तसं. मला पहिल्यांदा कसंतरी झालं ते तेव्हा.

शालनवहिनी पाटणकडच्या. लग्न होऊन कोपरखैरण्याच्या एका खोलीत आल्या, त्याला बरीच वर्षं झाली होती. कंपनीतले सगळे त्यांना वहिनी म्हणायचे म्हणून मीही म्हणायला लागले. तालमींच्या मधल्या वेळात त्या माझ्याजवळ, काळ्या पडद्यामागे, भिंतीला टेकून बसायच्या. फार बोलायच्या नाहीत. एकदा माझ्या पिवळ्या ओढणीकडे बघत म्हणाल्या, "ह्यांची उशी अशी हुती."

"कशी?"

"पिवळी. घामातनं रंग यायचा न्हवं. किती बी धुवा, अभ्रा पिवळाच. मी म्हनायची, हळद लागलेला नवरा हाय माझा." त्या थोडं हसल्या. "त्यो अभ्रा अजून धुतला न्हाई."

स्टेजवर जे होणार होतं ते असं. गालिच्यावर पिवळ्या चिकटपट्टीची फुली मारली होती, वहिनींनी तिथून चालत मधोमध यायचं. एमडी साहेब मागच्या पडद्यापाशी ठेवलेल्या तबकातली शाल त्यांच्या खांद्यावर घालणार, पाकीट देणार. वहिनींनी लोकांकडे तोंड करून उभं राहायचं. मागच्या पडद्यावर त्यांच्या नवऱ्याचा फोटो, आणि एका भारदस्त आवाजात रेकॉर्ड केलेलं निवेदन. "हणमंत जाधव. एक नाव. एक निष्ठा. सहकाऱ्यांना धोका होऊ नये म्हणून ज्यांनी स्वतःहून पाऊल उचललं..." वगैरे. निवेदन संपलं की उजेड निळ्याचा सोनेरी होणार, व्हायोलिन वाजणार, पडदा.

पहिल्या तालमीला एमडी अर्थातच नव्हते, त्यांच्या जागी कर्णिक उभे राहिले. पाकिटात वर्तमानपत्राची घडी होती. वहिनी फुलीवरून चालत आल्या, शाल घेतली, वळल्या. आणि त्या काळ्या गोदामात, चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून, अचानक त्यांच्या नवऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं गेलं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं असं काही आहे म्हणून. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मग मागे वळून फोटो बघितला, आणि पदर डोळ्यांना लावून त्या खाली बसल्याच. नेमकं त्याच क्षणी लाइटवाल्याने सोनेरी उजेड चढवला, व्हायोलिन सुरू झालं. योगायोग. मी रडत होते, स्लाइडवाला नाक पुसत होता.

अंधारातून सुहासचा आवाज आला. हळवा झाला होता तो, खोटं नाही बोलत. "सुंदर. हाच क्यू. निवेदनावर नको, बाईंचा पदर डोळ्याला लागला की लाइट सोनेरी होईल. नीता, पदर बघून 'आता' म्हण. वहिनी, फक्त खाली नका बसू, उभ्या राहूनच रडा. चला, वन्स मोअर."

मला अजून ते "वन्स मोअर" ऐकू येतं. गालिच्यावर बसलेली बाई, तिला उठवायला कुणी गेलं नाही, आणि ते "वन्स मोअर". मला किळस आली.

वहिनी उठल्या. खांद्यावरची शाल काढून त्यांनी तशीच चुरगाळून कर्णिकांना दिली. सुहास म्हणाला, "वहिनी, घडी नीट घाला हां. शाल त्या दिवशी नवी दिसली पाहिजे." मग त्यांनी शाल घडी घालून तबकात ठेवली, वर पाकीट ठेवलं, आणि फुलीवर जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्यांदा रडू आलं, पण थोडं. पुढे येईना. नवऱ्याचं नाव माणूस किती वेळा पहिल्यांदा ऐकणार? मग सुहासने माइकवरून सांगायला सुरुवात केली. निवेदन संपत आलं की तो हळूच म्हणायचा, "वहिनी, पदर." की वहिनी पदर डोळ्यांना लावायच्या. मी "आता" म्हणायचे, उजेड सोनेरी व्हायचा. कधी स्लाइड अडकायची, कधी लाइट चुकायचा, सगळं थांबायचं. सुरुवातीला त्या गोंधळून उभ्या राहायच्या, "पुन्यांदा करायचं का?" विचारायच्या. नंतर विचारायचीही गरज उरली नाही. काही अडलं की वहिनी मुकाट्याने शाल काढायच्या, टोकाला टोक जुळवून घडी घालायच्या, तबकात ठेवायच्या आणि फुलीवर परत. कर्णिक कौतुकाने म्हणाले, "बघा, आमची माणसं किती डिसिप्लिन्ड आहेत."

कपाळावर वहिनी एक बारीक काळी टिकली लावायच्या. सुहासने ती काढायला सांगितली. कपाळ रिकामं असलं की लांबून कळतं, म्हणाला. रंगीत साडीही नको, फिकी आणतो आम्ही. वहिनींनी टिकली काढून पडद्यामागच्या खांबाला चिकटवली. घरी जाताना तीच परत लावायच्या. मी सुहासला म्हटलं, "ती बाई दुःखी आहे हे सांगायला टिकली काढायला लागते का?" तो म्हणाला, "राजा, शेवटच्या रांगेचा विचार कर."

दुसरी गोष्टही मी त्याला सांगितली होती. म्हटलं, "वहिनी रडत नाहीयेत, तू 'पदर' म्हणतोस म्हणून पदर उचलतायत. शोला तू माइकवरून कसं सांगणार? हॉल भरलेला असेल." त्यावर तो हसला. "टेन्शन नको घेऊस. त्या दिवशी खरं रडू येईल. माणसं असतील, एमडी असतील, खरं पत्र असेल. येणारच."

वहिनींना मी एकदा विचारलं, तुम्ही नाही म्हणून का सांगत नाही? रोज दुपारी कोपरखैरण्याहून चालत यायचं, लेकीला शेजारी ठेवायचं, आणि हे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एवढी शिकलेली मुलगी आणि हिला एवढंही कळू नये, असं त्यांना वाटलं असणार. "कर्निकसाहेब म्हनलेत, कार्यक्रम नीट झाला की पत्र हातात. नीट झाला की, ताई." मग म्हणाल्या, "आनि ते सोताहून गेले न्हवते. टाकीत उतरायला सांगितलं, म्हनून उतरले. ती बाई निवेदनात काय बी बोलती." निवेदन पुरुषाच्या आवाजात होतं. इतक्या तालमी होऊनही वहिनींनी ते कधी धड ऐकलंच नव्हतं. त्यांचे कान दुसऱ्याच आवाजाकडे लागलेले असायचे, "पदर" म्हणणाऱ्या.

आता लग्नाला गेले की मी पाठवणीच्या आधीच निघते. हल्ली फोटोग्राफर आईला म्हणतो, काकू, परत एकदा मिठी मारा, मघाशी फोकस नव्हता. आणि काकू मारतात. मुलगी परत हुंदका देते. मागच्या महिन्यात एका शोकसभेत एक गृहस्थ बोलता बोलता गहिवरले, थांबले, आणि मोबाइल धरलेल्या पुतण्याकडे बघून, चालू आहे ना अशी मान हलवून, पुन्हा गहिवरले. बाकीचे म्हणतात तू फार कडवट झालीस. असेन. ज्याने एकदा ते बघितलंय त्याच्या तोंडाची चव जाते आणि परत येत नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी गोदाम गच्च भरलं होतं. पुढे परदेशी पाहुणे, मागे डीलर, त्याच्या मागे कामगार. मोगऱ्याचे फवारे चालू होतेच. ट्रॉफ्या झाल्या, भाषणं झाली, धूर झाला. मग उजेड निळा झाला आणि फिकी साडी नेसलेल्या वहिनी फुलीवरून निघाल्या. एमडींना तालीम नव्हती, त्यांनी शाल उलटी घातली, पाकीट दिलं. वहिनी वळल्या. फोटो आला. निवेदन सुरू झालं, संपलं.

मी पदराकडे बघत होते. पदर हलेना. वहिनी सरळ उभ्या होत्या, हात खाली, डोळे समोरच्या अंधारात, जिथे सुहास बसतो तिकडे. शब्दाची वाट बघत होत्या. हेडफोनमध्ये लाइटवाला विचारत होता, "सोनेरी करू का? करू का?" त्याच हेडफोनमधून सुहास कुजबुजत होता, "थांब, येईल, येईल रडू. थांब." कुणीतरी खोकलं. एमडी पायावरचा भार बदलत होते.

मग वहिनींनी काय केलं, तर त्यांनी ओळखलं. काहीतरी अडलंय. त्यांनी खांद्यावरची शाल काढली. टोकाला टोक जुळवलं, हाताने चुण्या सारख्या केल्या, घडी घातली. शाल तबकात ठेवली. तिच्यावर नोकरीचं पाकीट ठेवलं. आणि एमडींच्या पुढून चालत जाऊन फुलीवर उभ्या राहिल्या, पहिल्यापासून सुरू करायला. एमडींच्या कॉलरचा माइक चालू होता. त्यांच्याजवळून जाताना वहिनी माझ्याकडे बघून हळू बोलल्या ते सगळ्या गोदामाने ऐकलं. "ताई, पुन्यांदा करायचं का?"

मी "आता" म्हटलं नाही. मी म्हटलं, "सगळं बंद कर," आणि लाइटवाल्याने केलं. काळोखात पहिल्यांदा पुढच्या रांगेतून टाळी आली. परदेशी पाहुण्यांची. त्यांना वाटलं असावं, मानाची शाल आणि पाकीट नवऱ्याच्या फोटोपाशी ठेवायची इथली रीत असेल. त्यांचं बघून डीलर वाजवायला लागले, मग सगळे. नंतर सुहास धावत मागे आला, घामाने चिंब, डोळे चमकत होते. "काय मोमेंट झाली यार. पुढच्या शोला हेच ठेवू." त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यानंतर मी त्या संस्थेत गेले नाही, हेडफोनही पुन्हा कानाला लावला नाही.

वहिनी पॅकिंगमध्ये लागल्या. कारखान्याने गाशा गुंडाळेपर्यंत तिथेच होत्या, असं पुढे कळलं. त्या जागेवर आता काचेची इमारत आहे, गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलं खाली चहा पितात, नाला वरून झाकून टाकलाय. वास मला अजून येतो, पण तो माझ्या नाकाचा दोष असेल.

दर एप्रिलला मी परत जाते ती मात्र त्या टाळ्यांमध्ये, उजेड येण्याच्या आधीच्या त्या थोड्या वेळात. मी अंधारातच स्टेजवर गेले, चाचपडत तबकातली शाल आणि पाकीट उचललं, फुलीपाशी गेले, वहिनींचा हात धरून त्यांना पडद्यामागे आणलं. खांबावरची टिकली अंदाजाने काढून त्यांच्या हातात दिली. मग शाल दिली, पाकीट दिलं.

"वहिनी, हे तुमचं."

"माझं? ठिवू?"

"ठेवा. झालं सगळं."

त्यांनी पाकीट दाबून बघितलं. वर्तमानपत्राची जाड घडी हाताला लागली नाही. एकच पातळ कागद होता. बाहेर अजून टाळ्या वाजत होत्या.

"म्हंजी आज खरं हुतं व्हय?"

मी हो म्हटलं. त्यांचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला.

"मग मी रडलेच न्हाई की वो, ताई. आता चालंल का?"